मुस्तफाची कॅसेट

गेल्या महिन्यात नववीच्या वर्गावर उर्दूचा तास चालू होता. धड्यात 'मुस्तफा' हा शब्द आला. मी फळ्यावर लिहिला, त्याचा अरबी धातू सांगितला आणि म्हणालो, "मुस्तफा म्हणजे निवडलेला, निवडून घेतलेला. पैगंबर साहेबांचं (स.) हे एक नाव आहे." मागच्या बाकावरचा एक पोरगा शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला, "डायनासोरवाला." अख्खा बाक खुदकन हसला. मलाही हसू आवरलं नाही. सरांना यातलं काय कळतं, असं वर्गाच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

मधल्या सुट्टीत त्या पोराला बोलावलं. तो भीतभीतच आला. मी विचारलं, "कुठे खेळतोस?" म्हणाला, "अब्बांच्या मोबाइलवर, सर. त्यांनीच टाकून दिलाय. त्यांच्या लहानपणीचा आहे म्हणतात." मी म्हटलं, "माझ्याही." आमची दहा मिनिटं त्यातच गेली. तिसऱ्या स्टेजला गाडी कशी चालवायची, शेवटचा डॉक्टर कसा मारायचा, याच्या गप्पा झाल्या. पोरगा २०१० नंतर जन्मलेला. त्याने व्हिडिओ गेमचं पार्लर पाहिलेलं नाही, एक रुपयाचं नाणं कशाच्या फटीत टाकायचं हे त्याला ठाऊक नाही. पण मुस्तफा त्याला ठाऊक आहे.

घरी आल्यावर बराच वेळ हेच डोक्यात राहिलं. आमच्या उपनगरांचा इतिहास लिहिला जातो तो गिरण्या, चाळी, झोपडपट्ट्या, बिल्डर आणि दंगली यांचा. व्हिडिओ गेमच्या पार्लरवर कुणी दोन ओळी लिहिल्याचं माझ्या वाचनात नाही. आणि मुस्तफाची गोष्ट तर दंगलीच्या गोष्टीला अगदी चिकटून आहे. म्हणून आज तीच सांगतो.

आधी गेमविषयी. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली आर्केडसाठी, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या उभ्या मशीनसाठी काढला. मूळ गोष्ट अमेरिकन आहे. मार्क शुल्ट्झ या चित्रकाराची 'झेनोझोइक टेल्स' नावाची कॉमिक्समाला १९८७ पासून निघत होती. पृथ्वीवर मोठा प्रलय होतो, माणसं जमिनीखाली लपतात, शेकडो वर्षांनी वर येतात तर पृथ्वीवर पुन्हा डायनासोर फिरताहेत. अशा जगात जुन्या कॅडिलॅक मोटारी दुरुस्त करून हिंडणारा एक नायक आहे, जॅक टेनरेक. या कॉमिक्सवरून १९९३ मध्येच अमेरिकेत १३ भागांची कार्टून मालिका आली आणि त्याच वर्षी कॅपकॉमचा गेम.

गेममधली गोष्ट २५१३ सालातली. चोरटे शिकारी डायनासोर मारताहेत आणि चौघं त्यांना रोखायला निघालेत: जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा. चौघांपैकी एक निवडायचा. एका मशीनवर एका वेळी तिघं खेळू शकत. बटणं दोनच, एक मारायचं आणि एक उडीचं. दोन्ही एकदम दाबली की खेळाडू गरकन फिरून भोवतीच्या सगळ्यांना लोळवायचा, पण त्यात आपलंही थोडं लाइफ जायचं. जॅक मधला, हॅना हुशार, मेस ताकदवान पण जड. मुस्तफा सगळ्यांत चपळ. डोक्यावर पिवळी टोपी. दांडी दोनदा पुढे ढकलली की तो धावत सुटायचा, आणि धावताना बटण दाबलं की हवेतून अशी लाथ यायची की समोरचे दोन-तीन जण एकदम आडवे.

कंपनीच्या दृष्टीने या गेमचा नायक जॅक होता. आमच्याकडे मात्र या गेमला जॅकचा गेम कुणी म्हटलं नाही. अंधेरीत तो 'मुस्तफा' होता. घाटकोपरला माझे मामेभाऊ राहायचे, त्यांच्याकडेही 'मुस्तफा'. बोरिवलीच्या शाळेतून बदलून आलेला मुलगा म्हणाला, "आमच्याकडे मुस्तफाचं मशीन आहे." पुढे बी.एड.ला असताना मराठवाड्यातली, हैदराबादकडची पोरं भेटली, त्यांच्या गावीही हेच नाव. पाकिस्तानातही तो याच नावाने ओळखला जातो. टीव्हीवर जाहिरात नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही, इंटरनेट तर नव्हतंच. तरी गल्लोगल्ली, शहराशहरांत एकच नाव पडलं.

भाषेचा शिक्षक म्हणून मला याचं कारण साधं वाटतं. पडद्यावर 'कॅडिलॅक' असं इंग्रजीत लिहिलेलं असायचं. मराठी, उर्दू किंवा गुजराती माध्यमाच्या पोराला तो शब्द वाचता यायचा नाही, आणि ती गाडी त्याने कधी पाहिलेलीही नसायची. 'डायनासॉर्स'चं स्पेलिंग त्याहून वाईट. 'टेनरेक', 'डंडी', 'ओब्रादोविच' ही तर जिभेची कसरत. त्या सगळ्या परक्या अक्षरांत एकच नाव असं होतं जे आमच्या गल्लीत, आमच्या शाळेच्या हजेरीत, कोपऱ्यावरच्या टेलरच्या पाटीवर सापडायचं. इंग्रजीत ते 'पीएच' घालून लिहिलेलं होतं, तरी ते ओळखू आलं. माणूस अनोळखी गर्दीत ओळखीचा चेहरा शोधतो, तसंच पोरांनी पडद्यावर ओळखीचं नाव शोधलं. आणि ते नाव आमचं निघालं.

आता ते वर्ष कुठलं होतं ते आठवा. ६ डिसेंबर १९९२ ला अयोध्येत बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत दंगल झाली. न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात ९०० मृत्यूंची नोंद आहे: ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर आणि ४५ जणांची ओळखच पटली नाही. शेजारच्या जोगेश्वरीत राधाबाई चाळीत हिंदू माणसं घरात जाळली गेली. शहरात कितीतरी ठिकाणी मुसलमानांची घरंदारं, बेकऱ्या, लाकडाच्या वखारी पेटल्या. मग १२ मार्चला बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली. जुहूच्या सेंटॉर हॉटेलातही स्फोट झाला, ते आमच्या घरापासून फार लांब नव्हतं.

मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आमच्या घराला आग लागली नाही, आमचं कुणी गेलं नाही. अल्लाची मेहेरबानी. आमच्या घरात बदल झाला तो एवढाच: अब्बांनी दारावरची नावाची पाटी काढून कपाटावर ठेवली. आणि अम्मी बाजारात, स्टेशनवर, बसमध्ये मला नावाने हाक मारेनाशी झाली. "बाळ, इकडे ये," असं मराठीत म्हणायची. घरात मी होतो तोच होतो, पण उंबऱ्याबाहेर मी 'बाळ' झालो. तिने कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलांना अशा गोष्टी न सांगता कळतात. नाव ही मोठ्याने उच्चारायची गोष्ट नाही, हे मला त्या वर्षी समजलं.

आमच्या भागातलं पार्लर स्टेशनकडे जाणाऱ्या गल्लीत होतं. दहा बाय वीसचा गाळा, दारावर मळका पडदा, आत पाच-सहा मशीन. छताचा पंखा गरम हवा फिरवायचा. मालक स्टुलावर बसून नाणी मोजायचा. पावसाळ्यात मशीनच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या, म्हणून आम्ही चप्पल काढायचो नाही. 'स्ट्रीट फायटर टू'चं मशीन सगळ्यांत जुनं, त्याच्या बटणांवरचा रंग उडालेला. एक 'स्नो ब्रदर्स'चं, त्यावर लहान पोरं. गॅसच्या लायटरची ठिणगी नाण्याच्या फटीत मारून फुकट खेळायची विद्या मोठ्या पोरांना येत होती. मालकाला तो आवाज झोपेतही ऐकू यायचा.

अशी पार्लरं मुंबईत तशी कायद्याच्या नजरेखालीच चालत. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना पोलिसांचा परवाना लागायचा, त्याचे नियम १९६० सालचे. मशीनवर करमणूक कर होता. पैसे लावून खेळायची मशीनही व्हिडिओ गेमच्या नावाखाली चालत, त्यामुळे पोलिसांचा संशय सगळ्यांवरच असे. १९९५ मध्ये कर्नाटकातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमच्या पार्लरना परवान्याचं बंधन घालणं योग्यच ठरवलं. घरच्यांच्या दृष्टीने तर ती जागा जुगाराच्या अड्ड्यापेक्षा फार वेगळी नव्हतीच. शाळेच्या युनिफॉर्ममध्ये प्रवेश नाही, असा बोर्ड असायचा. आम्ही दप्तरातून दुसरा शर्ट न्यायचो.

मुस्तफाचं मशीन आमच्याकडे १९९४ च्या पावसाळ्यात आलं, मी आठवीत असताना. तो दिवस मला लख्ख आठवतो. पडदा बाजूला सारून आत गेलो, तर कोपऱ्यात पंधरा-वीस पोरांचा घोळका. आणि त्या घोळक्यातून एकच आरोळी येत होती, "मुस्तफा, पीछे देख! अबे मुस्तफा को खाना दे! मुस्तफा, मार, मार!" ओरडणारी पोरं कोण? कोळीवाड्यातली, म्हाडाच्या वसाहतीतली, पोलीस लाइनीतली, आमच्या गल्लीतली. दीड वर्ष आमच्या घरात जी गोष्ट दबक्या आवाजात चालली होती, ती इथे सगळे बेंबीच्या देठापासून करत होते. मी दारातच उभा राहिलो. काय वाटलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आज इतकंच म्हणेन की कान गरम झाले होते.

मशीनच्या काचेखाली नाण्यांची रांग लागलेली असायची. ज्याचं नाणं आधी, त्याचा नंबर आधी. आणि मुस्तफा एकच. दोघांना तो घेता यायचा नाही. म्हणून खरी भांडणं डायनासोरांशी नव्हती, निवडीच्या पडद्यावर होती. एकदा माझा आणि पोलीस लाइनीतल्या एका पोराचा नंबर एकदम आला. त्याने झटकन दांडी फिरवून मुस्तफा घेतला. मला राग आला. मी म्हणालो, "तो मला दे ना. आमचं नाव आहे ते." तोंडातून निघून गेलं आणि मग लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो. कुणाच्या मुलासमोर बोललो तेही लक्षात आलं. त्याने पडद्यावरची नजर न काढता उत्तर दिलं, "मग काय झालं? कॉइन मी आधी टाकलाय."

मी जॅक घेतला. आम्ही तिसऱ्या स्टेजपर्यंत गेलो. मी मरायला टेकलो होतो, तेव्हा पिंपातून निघालेलं खाणं त्याने माझ्यासाठी सोडलं. पुढच्या दोन वर्षांत आम्ही किती वेळा एकत्र खेळलो त्याचा हिशेब नाही.

आमच्या मोहल्ल्यात मात्र या प्रकाराला विरोधही होता, आणि तो मला आज रास्त वाटतो. ज्यांच्याकडे आम्ही संध्याकाळी कुराण शिकायला जायचो, त्या हाफिज साहेबांनी एकदा मगरिबनंतर पार्लरवरून जाताना ऐकलं, "मुस्तफा मर गया, कॉइन डाल!" दुसऱ्या दिवशी आम्हा सगळ्यांना उभं केलं. मारलं नाही. एवढंच म्हणाले, "बेटा, ये नाम किस का है, मालूम है ना? इसे ऐसे चिल्लाते हैं?" त्यानंतर आमच्यातली काही पोरं "टोपीवाला मर गया" म्हणू लागली. दुसऱ्या मोहल्ल्यांतल्या पोरांना त्याचं कारण कळेना. मग एकाने समजावलं, आणि आठवडाभर सगळेच "टोपीवाला" म्हणत होते. नंतर विसरले. नावाची अदब आणि नावाची दहशत, यांच्यामध्ये तिसरी एक जागा असते. तिथे ते नाव फक्त एका दोस्ताचं असतं. त्या गाळ्यात ती जागा होती.

आता कॅसेटची गोष्ट. तेव्हा सुस्थितीतल्या घरांत टीव्ही गेम येऊ लागले होते. त्याला पिवळी, निळी प्लास्टिकची कॅसेट लागायची. मामांनी मला तसला एक जपानी नकलेचा डबा घेऊन दिला. मी चार महिने पैसे साठवले आणि बाजारातल्या एका दुकानात जाऊन विचारलं, "मुस्तफाची कॅसेट आहे?" दुकानदार म्हणाला, "आहे ना." कॅसेटवर डायनासोरचं चित्र होतं. धावत घरी आलो, लावली. त्यात पानांचा घागरा नेसलेला एक गुबगुबीत मुलगा डायनासोरच्या पाठीवर बसून बेटावर फिरत होता. गेम वाईट नव्हता. पण मला रडू आलं.

मुस्तफाची कॅसेट नव्हतीच. ती जगात कुठेच नव्हती. हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. अमेरिकेत सेगाच्या सीडीवर १९९४ मध्ये त्याच नावाचा एक गेम आला होता, पण तो दुसऱ्या कंपनीचा आणि निव्वळ गाडी चालवायचा. आमचा, तिघांनी मिळून खेळायचा गेम घरच्या कुठल्याही कन्सोलवर आला नाही. याचं कारण साधारण असं मानलं जातं: गेम कॅपकॉमचा, पण पात्रं शुल्ट्झ यांची, आणि कॅडिलॅक हे नाव जनरल मोटर्सचं. करार त्या वेळेपुरता. पुन्हा काढायचा तर सगळ्यांच्या परवानग्या नव्याने घ्याव्या लागणार. एवढा खटाटोप कोण करतो?

शौकीन लोक तेव्हापासून वाट पाहताहेत. २०१८ मध्ये कॅपकॉमने अशा मारामारीच्या सात जुन्या गेमचा संच काढला. त्यात 'फायनल फाइट' होता, 'कॅप्टन कमांडो' होता, मुस्तफा नव्हता. २०१९ मध्ये त्यांचं दोन दांड्यांचं घरगुती मशीन आलं, त्यात 'एलियन व्हर्सेस प्रेडेटर' आला. तोही परवानग्यांत अडकलेला गेम होता. मुस्तफा तेव्हाही नव्हता. २०२४ मध्ये मार्व्हलच्या जुन्या गेमच्या संचात 'पनिशर' आला, जो मुस्तफाच्याच वर्षीचा आणि त्याच जातीच्या मशीनवरचा. म्हणजे मनावर घेतलं तर अशा परवानग्या मिळतात.

घरी आणताना गेमचं काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. 'फायनल फाइट' १९९० मध्ये सुपर निन्टेंडोवर आणला, तेव्हा एक अख्खा खेळाडू गाळला, एक स्टेज गाळली, आणि दोघांनी मिळून खेळायची सोयच काढून टाकली. मशीनची ताकद तेवढी नव्हती. त्या काळात मुस्तफा घरी आला असता तर कदाचित असाच आला असता, एकट्याने खेळायचा. माझ्या शेजारी दुसरी दांडी नसती, आणि ती धरायला पोलीस लाइनीतला पोरगा नसता. त्यामुळे त्या वेळी कॅसेट मिळाली नाही याचं दुःख आता उरलेलं नाही.

पण एक भीती उरली आहे. त्या मूळ मशीनच्या बोर्डवर एक छोटी बॅटरी असायची. गेमची नक्कल होऊ नये म्हणून आतला मजकूर सांकेतिक भाषेत बंद केलेला आणि त्याची किल्ली त्या बॅटरीच्या जिवावर जपलेली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जायची आणि चांगला धडधाकट बोर्ड एका रात्रीत मुका. शौकीन तिला 'आत्महत्येची बॅटरी' म्हणतात. नकली बोर्ड बनवणाऱ्यांनी मात्र ते कुलूप आधीच फोडलेलं होतं, म्हणून नकला जगल्या. १९९७ मध्ये 'मेम' नावाचा प्रोग्राम निघाला, जो जुन्या मशीनचं सोंग कॉम्प्युटरला घ्यायला लावतो. माझ्या विद्यार्थ्याच्या अब्बांच्या मोबाइलवर जे आहे ते याच घराण्यातलं. कायद्याने पाहिलं तर ती चोरीच, आणि मी वर्गात तिचं समर्थन करणार नाही. पण इतिहासाचा माणूस म्हणून एवढं सांगतो, की मालकांनी जे कुलूपबंद ठेवलं ते चोरांनी वाचवलं. आमच्या पोरांपर्यंत मुस्तफा पोहोचला तो त्या वाटेने.

पार्लरंही राहिली नाहीत. आधी सायबर कॅफे आले, मग तासाच्या भाड्यावर प्लेस्टेशन. मग अंधेरी, मुलुंड, घाटकोपरला मॉल आले आणि मशीन तिथे वर गेली. तिथे नाणं चालत नाही, कार्ड रिचार्ज करावं लागतं, आणि दारावर पडद्याऐवजी सुरक्षारक्षक असतो. आमच्या गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

या आठवणींना मी सोन्याचा मुलामा देणार नाही. त्या गाळ्यात मुलींना जागा नव्हती. माझ्या बहिणीने मुस्तफा फक्त माझ्या तोंडून ऐकला. तिथे शिव्या होत्या, सिगारेटी होत्या. वातावरण तापलं की सगळ्यांत आधी पार्लरचं शटर खाली यायचं. आणि एक प्रश्न तर मला अजून सुटलेला नाही. तो पोलीस लाइनीतला मित्र गेल्या वर्षी एका लग्नात भेटला. मी त्याला हे सगळं सांगितलं: पाटी, अम्मीची हाक, दारात उभा राहिलेला मी. तो गप्प झाला. मग म्हणाला, "यार, खरं सांगू? मुस्तफा मुसलमान आहे हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. मुस्तफा म्हणजे मुस्तफा."

मी त्यावर खूप विचार केला. एका बाजूने वाटतं, यापेक्षा चांगलं काय असू शकतं? नाव हे फक्त नाव, त्याच्यामागे ना वस्ती, ना दंगल, ना संशय. दुसऱ्या बाजूने वाटतं, मग मला जे वाटलं होतं ते माझं एकट्याचंच होतं का? त्या पोरांनी आम्हाला जवळ केलं नव्हतं, त्यांनी फक्त चपळ खेळाडू निवडला होता. गेममध्येही त्याच्या धर्माबद्दल अवाक्षर नाही. असेल तसं. पण माझ्या कानांनी जे ऐकलं ते खोटं नव्हतं. दंगलीनंतर दीड वर्षाने, अंधेरीच्या एका गाळ्यात, सगळ्या जातिधर्मांची पोरं एका मुसलमान नावाला वाचवण्यासाठी खिशातला शेवटचा रुपया टाकत होती. त्यांना ते कळत होतं की नाही, हा पुढचा प्रश्न.

म्हणून या गेमबद्दल माझी एकच इच्छा आहे, आणि ती इतर शौकिनांपेक्षा जराशी वेगळी आहे. परवानग्यांचा तिढा सुटत नसेल तर कंपन्यांपुढे एक सोपी वाट असते: नावं बदलायची. कॅडिलॅकऐवजी दुसरी गाडी, जॅकऐवजी दुसरा कुणी. कॅपकॉमला हे नवीन नाही. 'स्ट्रीट फायटर टू' जपानबाहेर नेताना, माइक टायसनच्या वकिलांच्या भीतीने, त्यांनी तीन पात्रांची नावं आपापसांत बदलून टाकली होती. गेम तसाच्या तसा राहिला, कुणाचं काही अडलं नाही. उद्या मुस्तफाही अशाच एखाद्या नव्या नावाने आला तर लाथ तीच असेल, टोपीही पिवळीच असेल.

पण मला तो नको. २०११ मध्ये मी भाड्याने घर शोधत होतो, तेव्हा एका दलालाने मला मनापासून, चांगल्या भावनेने सल्ला दिला होता, "सर, तुमची मराठी एवढी छान आहे. फोनवर नाव सांगूच नका, नुसतं सर म्हणा. काम होऊन जाईल." ते घर मला मिळालं नाही, कारण मी नाव सांगितलं. दुसरं मिळालं, वेळ लागला. अब्बांनी १९९५ मध्ये कपाटावरची जुनी पाटी पुसून परत दारावर लावली होती. तीच पाटी आज माझ्या दारावर आहे.

मुस्तफा घरी यावा असं मला अजूनही वाटतं, माझ्या विद्यार्थ्यांसाठी तरी. उशिरा आला तरी चालेल. पण यावा तो नावासकट.